बारा किलो, कुणालाही सवलत नाही

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा सॅक, तंबू व प्रवासी बॅगा शिवणे आणि दुरुस्त करणे, पूर्ण शुद्धीवर असताना हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. ज्यांना तो आणायची इच्छा आहे, त्यांना सकाळी नऊच्या आत उठायची सवय नाही. सात वर्षांपूर्वी धाकट्या भावाच्या नावे केलेले मृत्युपत्र मी या लेखाने रद्द करते.

कलम १. माझ्या मालकीचे, तळमजल्यावरचे दुकान व त्यामागच्या दोन खोल्या ही माझी मुख्य मिळकत. ती कोणाला द्यायची हे सांगण्याआधी आमच्या सफरींबद्दल लिहिणे भाग आहे. वकीलबाई म्हणाल्या, याची कायद्याला गरज नाही. मला आहे.

दरवर्षी एकदा, आठ दिवस, पाठीवर सॅक टाकून आम्ही डोंगरात जात असू. आम्ही म्हणजे माझे यजमान, माझा भाऊ, भावजय, यजमानांचे धाकटे बंधू म्हणजे माझे दीर, आणि यजमानांचा एक मित्र, ज्याला आम्ही नकाशेवाला म्हणतो. अशा बत्तीस सफरी झाल्या. बारा वर्षांपूर्वी यजमान गेले आणि म्होरकेपण माझ्याकडे आले. या सफरी अविस्मरणीय होत्या असे भाऊ चारचौघांत सांगतो. त्याला एकाही डोंगराचे नाव आठवत नाही, ही गोष्ट वेगळी.

नियम माझा होता. निघायच्या आदल्या दिवशी सगळ्यांनी दुकानात यायचे, सगळे सामान जमिनीवर ओतायचे, मी वाटणी करणार, आणि प्रत्येक सॅक छताला टांगलेल्या काट्याला लावून बारा किलो भरली पाहिजे. कुणालाही सवलत नाही. परत आल्यावर पुन्हा काटा, म्हणजे कुणी वाटेत काही फेकले असेल तर कळावे. स्टोव्ह, गॅसची टाकी आणि दोर नेहमी माझ्या वाटणीला, कारण महत्त्वाची वस्तू या लोकांच्या हाती देणे म्हणजे माकडाच्या हाती कोलीत.

कलम २. माझे सर्व नकाशे नकाशेवाल्याला द्यावेत. बत्तीस वर्षे ते त्याच्याच हातात होते आणि त्याला ते एकदाही कळले नाहीत, तेव्हा आता त्याच्याजवळ निवांत वेळ आहे. यजमान गेल्यानंतर एकदा त्याने आम्हाला जवळच्या वाटेने नेले. सहा तास चालून आम्ही सकाळी जिथे चहा घेतला होता त्याच टपरीच्या मागच्या दाराशी निघालो. टपरीवाल्याने न विचारता पाच कप मांडले. नकाशेवाला म्हणाला की नकाशा जुना आहे. डोंगर काय दरवर्षी जागा बदलतात?

कलम ३. भावजयीसाठी सफरींच्या फोटोंचे चार अल्बम ठेवायचा विचार होता. त्यांत ती आहे, तिची टोपी आहे, आणि तिच्या खांद्यामागे कुठेतरी शिखर आहे. तिच्या एका फोटोसाठी आम्ही ओढ्यात पाय बुडवून वीस मिनिटे उभे राहिलो होतो. माझ्या यजमानांना त्यानंतर तीन दिवस ताप होता आणि ही विचारत होती, फोटोत भाऊजी असे आंबट तोंड करून का उभे आहेत. तरी अल्बम तिला मिळणार नाहीत. कारण कलम ६ मध्ये आहे.

कलम ४. भावाबद्दल. त्याला वाटते की दुकान त्याचेच आहे. गेल्या महिन्यात तो माझी तब्येत विचारायला आला आणि टेप घेऊन पुढच्या खोलीची मापे घेऊन गेला. मी शिलाई मशीनवर बसलेली होते. त्याने मला पाय जरा वर घ्यायला सांगितले.

हा माणूस आयुष्यात कुठलाही कागद शेवटपर्यंत वाचत नाही. अलीकडच्या एका सफरीत वनखात्याच्या चौकीवरचा फॉर्म आम्हा पाचही जणांच्या वतीने त्याने भरला. सही ठोकली आणि म्हणाला, "नुसती औपचारिकता असते गं ताई." खाली लिहिले होते की हे पथक स्वखुशीने पायवाटेवरचा कचरा उचलून आणील. परतीच्या वाटेवर चौकीदाराने पाच गोण्या हातात दिल्या. चार गोण्या आम्ही चौघांनी भरल्या. पाचवी भावाची, त्याच दिवशी त्याचा पाय मुरगळला आणि गाडीत बसताच बरा झाला. ती गोणी दीरांनी भरली.

कलम ५. आता दीर. शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते, लग्न केले नाही, तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत राहतात. चालायला सगळ्यांत मागे. आम्ही थांब्यावर पोचून अर्धा तास झाला की हे वळणावर दिसायचे. त्यांना गोगलगाय हे नाव मी दिले आणि बाकीच्यांनी ते आनंदाने उचलले, कारण दुसऱ्याला नाव ठेवले की आपली धाप ऐकू येत नाही. ते आले की मी मोठ्याने म्हणायची, आली बरं का गोगलगाय. ते हसायचे आणि चहा करायला बसायचे.

रोज सकाळी सगळ्यांच्या आधी उठून सगळ्यांच्या सॅका भरायचे कामही त्यांचेच. त्यांची स्वतःची सॅक मात्र त्यांनी यजमान गेल्यानंतरच्या अकरा वर्षांत एकदाही माझ्याकडे दुरुस्तीला आणली नाही. घरचे दुकान सोडून हा माणूस स्वतः सुई चालवतो, याचा मला राग होता. चिक्कू, असे मी भावजयीला सांगितलेही होते.

गेल्या वर्षी ते जिन्यावरून घसरले आणि खुब्याचे हाड मोडले. हॉस्पिटलात कपडे न्यायला मी त्यांच्या खोलीवर गेले, भरायला म्हणून खुंटीवरची सॅक काढली. पट्टे जिथे पाठीला जोडतात तिथली शिवण तीन वेळा उसवून तीन वेळा जाड दोऱ्याने शिवलेली होती. पाठीला आधार देणारी आतली धातूची पट्टी वाकलेली. चाळीस वर्षे मी हेच पाहते आहे. बारा किलोने ती शिवण उसवत नाही. वीसच्या वर ओझे वर्षानुवर्षे वाहिले तरच तशी उसवते.

बाजूच्या कप्प्यात एक घडी घातलेला कागद होता. त्यांच्या बारीक अक्षरात: "वहिनींच्या सॅकमधून: स्टोव्ह, गॅस, दोर, तंबूच्या काठ्या. शेवटच्या थांब्यावर परत ठेवणे. विसरू नये." वर तारीख होती, यजमान गेल्यानंतरच्या पहिल्या सफरीची.

म्हणजे साठी उलटल्यावर सॅक मला हलकी वाटू लागली, तो माझ्या हाडांचा पराक्रम नव्हता. माझ्या वाटणीचा स्टोव्ह त्यांच्या सॅकमधून निघतो आणि त्यावर केलेला चहा मी पिते, हे मला अकरा वर्षांत एकदाही सुचले नाही. बाकीच्यांना मी या कागदात मूर्ख ठरवले आहे. त्या यादीत माझे नाव सगळ्यांत वर लिहावे.

मी तशीच हॉस्पिटलात गेले. म्हटले, "भाऊजी, टाके फार वाईट घातलेत तुम्ही."

ते म्हणाले, "तुम्हाला दाखवता येत नव्हती ना सॅक. लगेच ओळखलं असतं तुम्ही."

"आणि मी एवढी बोलायची, ते?"

"दादा गेल्यावर तुम्ही घराबाहेर पडत नव्हतात, वहिनी. डोंगरात पुढे चालायला लागलात, ते बघायला बरं वाटायचं. मागून चांगलं दिसतं."

मी त्यांचा डबा धुवायचे निमित्त करून बाहेर गेले. माफी मी अजून मागितलेली नाही. मला जमत नाही; शिव्या द्यायला जीभ लगेच वळते. म्हणून ती इथे लिहिते: भाऊजी, माझे चुकले.

त्यांना आता तीन मजले चढता येत नाहीत. दुकान, मागच्या दोन्ही खोल्या व माझी सर्व शिल्लक मी दीरांना देते. न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घ्यावा. शिलाई मशीन समोरच्या छत्रीवालीला द्यावे. वीस वर्षांत नेलेली प्रत्येक सुई तिने परत केली. माझी सॅकही दीरांनीच घ्यावी. ती रिकामी ठेवावी. आणि पुन्हा कधी सगळे निघालेच, तर जिथे रस्ता सपाट आहे तिथपर्यंतच जावे, दीरांनी सगळ्यांच्या पुढे चालावे, आणि बाकीच्यांनी त्यांच्या चालीने चालावे.

कलम ६. मी गेल्यावर म्हातारीला भ्रम झाला होता, असे म्हणणारे दोघेच निघतील, भाऊ आणि भावजय. म्हणून साक्षीला मी त्याच दोघांना बोलावले आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही असे वकीलबाई सांगतात, म्हणून अल्बम आणि भावासाठी ठेवलेली माझी सफरीतली म्होरकेपणाची शिट्टी, दोन्ही रद्द. हे कागद टेबलावर उघडे ठेवून मी त्यांच्यासमोर सही करणार आहे. वाचायला पूर्ण मोकळीक आहे, चष्माही शेजारी ठेवला आहे. भावाने हे वाचले, तर निदान एक कागद वाचला म्हणून मी त्याच्याबद्दलचे मत बदलेन, मिळकत नाही.

स्थळ: दुकानाची मागची खोली
दिनांक: ९ मार्च, सकाळी साडेअकरा (त्यांना याहून लवकर जमले नाही)

लिहून ठेवणारी: (सही)

साक्षीदार पहिला, सख्खा धाकटा भाऊ, स्वहस्ते: ताईने माझ्यासमोर सही केली. ती पूर्ण शुद्धीवर असून तिची बुद्धी शाबूत आहे. तिने जे लिहिले आहे ते योग्यच असणार, त्यामुळे वाचत बसलो नाही. (सही)

साक्षीदार दुसरी, भावजय, स्वहस्ते: यांनी लिहिले तेच माझेही म्हणणे. (सही)