शिडीखालचे तीन ठिपके

४ फेब्रुवारी

पुस्तक आलं. माझं नाव नाही.

मुखपृष्ठावर नाही, आत नाही, मागे नाही. प्रस्तावना दोनदा वाचली. सूचीत साप सापडला, शिडी सापडली, मी नाही. आभाराच्या पानावर शेवटून दुसरी ओळ — 'आकृत्यांसाठी माझ्या विद्यार्थ्यांचे सहकार्य लाभले.' मी सरांची विद्यार्थिनी कधी झाले? दोन वर्षांनी मोठी आहे मी त्यांच्यापेक्षा.

पहिल्या पानावर सरांची सही आणि 'सप्रेम भेट'. भेट! माझ्याच चारशे बारा आकृत्या मलाच भेट.

हे म्हणाले, "बघू तरी." चाळलं आणि म्हणाले, "चित्रं मात्र झकास आलीत तुझी." मग जीभ चावली आणि चहा ठेवायला गेले.

५ फेब्रुवारी

राग इथे काढते, नाहीतर भांड्यांवर निघेल.

अठरा वर्षं. मी जमीन मोजणीच्या ऑफिसात नकाशे काढायचे. सर कॉलेजात निरनिराळ्या धर्मांतली गूढ चिन्हं शिकवायचे. वाचनालयात त्यांचं भाषण होतं. संपल्यावर मी एवढंच सांगितलं, की फळ्यावरचा तुमचा पंधराचा चौकोन चुकलाय, मधल्या ओळीची बेरीज सोळा होतेय. पुढच्या आठवड्यात स्वारी घरी हजर. "बाई, वाचणारे पुष्कळ भेटतात. बघणारं कुणी भेटत नाही." मी तिथेच विरघळले.

मग दुसरं काही सुचलंच नाही. शेपूट गिळणारा साप, तळहातातला डोळा, गाठी, शिड्या. तांत्रिकांची यंत्रं, किमयागारांच्या खुणा, सूफींचे चौकोन, यहुदी गूढवाद्यांची वर्तुळं. पोथ्यांचे फोटो, ताईत, थडग्यांवरचे दगड — मिळेल तिथून मी उतरवायचे. आधी पेन्सिलने कच्च्या वहीत, मग शाईने पक्की प्रत, ट्रेसिंग कागदावर. पक्की प्रत सरांकडे, कच्ची वही माझ्या कपाटात. अर्थ सर लावायचे. "पुस्तक दोघांचं, बाई." हे ते किती वेळा म्हणाले असतील! आणि मी प्रत्येक वेळी खूश.

ऑफिसातल्या बढतीची परीक्षा दिली नाही. का, तर त्या वर्षी गाठी चालल्या होत्या.

७ फेब्रुवारी

पान एकशे बारा. शिडी. सात पायऱ्या आणि तळाशी तीन ठिपके. त्या ठिपक्यांवर सरांनी दीड पान लिहिलंय. काया, वाचा, मन. मग तीन लोक. मग साधकाने पहिल्या पायरीआधी टाकून द्यायचे तीन अहंकार. आणि वर हे — 'ही त्रिबिंदूंची परंपरा आजवर अभ्यासकांच्या नजरेतून निसटली होती.'

निसटणारच. ते ठिपके माझे आहेत.

मोजणीच्या ऑफिसातली सवय. जुन्या नकाशात हद्द पुसट झालेली असली, नक्की कुठून जाते कळत नसलं, की आम्ही खाली पेन्सिलने तीन ठिपके द्यायचो. म्हणजे — खात्री नाही, पुन्हा जाऊन बघा. तेच मी कच्च्या वहीत करते. शिडीच्या पोथीचा फोटो खालून फाटका होता. सातवी पायरी की नुसता डाग, समजेना. म्हणून ठिपके. आणि सर त्यांच्यावर चढून थेट मोक्षाला पोचले.

हसू आवरेना. हे धावत आले, मला काही झालं की काय म्हणून. सांगितल्यावर तेही पोट धरून हसले. अठरा वर्षांत या विषयात त्यांना पहिल्यांदाच गोडी वाटली.

मग भांडी पुसताना हात थांबला. पक्क्या प्रतीवर मी ठिपके कधीच देत नाही. खात्री झाल्याशिवाय पक्की करायचीच नाही, हा माझा नियम. म्हणजे ही आकृती सरांकडे कच्च्या वहीतून गेली. आणि कच्ची वही घराबाहेर जात नाही. कधीच गेली नाही.

८ फेब्रुवारी

सरांना फोन केला. बोलायचं काय ते कागदावर लिहून घेतलं होतं.

"अहो बाई, ज्ञान काय कुणाच्या मालकीचं असतं?" म्हटलं, मग मुखपृष्ठावर तुमचं तरी नाव कशाला? मग प्रकाशकांवर ढकललं — जागा नव्हती म्हणे. माझ्या नावात साडेचार अक्षरं आहेत.

विचारलं, कच्च्या वहीतली चित्रं तुमच्याकडे कशी? म्हणाले, "कशी म्हणजे? तुमच्या घरूनच तर आली." आणि मीटिंग आहे म्हणून फोन ठेवला.

तुमच्या घरूनच.

९ फेब्रुवारी

पुस्तकात ठिपके तीनच ठिकाणी आहेत. शिडी, दुहेरी गाठ, बंद डोळा. तिन्ही सातव्या वहीतल्या. कपाट उघडलं. सातवी वही जागच्या जागी, सहावी आणि आठवीच्या मध्ये. कुणीतरी नीट परत ठेवलीय.

घरात माणसं किती? ह्यांना वही कुठली आणि वाणसामानाची यादी कुठली, कळत नाही. उरली आमची लेक खारू, दर रविवारी येणारी.

खारू चार वर्षं सरांच्या हाताखाली डॉक्टरेट करतेय. मीच बोट धरून नेलं होतं तिला त्यांच्याकडे. 'माझ्या विद्यार्थ्यांचे सहकार्य'. किल्ली खिळ्याला टांगलेली असते, हे तिला चालता यायला लागल्यापासून माहीत आहे. मोबाइलवर फोटो काढायला किती वेळ लागतो?

माझ्या टेबलाखाली बसून ती पेन्सिलींना टोक करायची. सगळ्या पेन्सिली गोळा करून लपवायची, म्हणून खारू. एकदा विचारलं, "आई, हे तीन ठिपके कशाचे?" म्हटलं, मला खात्री नाही असं त्यात लिहिलंय. तर बाईसाहेबांनी शाळेत गणिताच्या प्रत्येक उत्तराखाली तीन ठिपके दिले. मला शाळेत बोलावलं होतं. घरी येईपर्यंत दोघी हसत होतो.

तीच ही.

११ फेब्रुवारी

रविवार. खारू आली, नेहमीसारखी बडबडत. मी पान एकशे बारा उघडून पुढे ठेवलं. "हे काय गं?"

तिने पाहिलं आणि खळखळून हसली. "आई, हे तर तुझे ठिपके! सरांनी यांच्यावर दीड पान?"

म्हटलं, "नाटक पुरे. कपाट कितीदा उघडलंस?"

"मी?"

"ठिपके तुझ्याशिवाय कुणाला माहीत आहेत?"

तिचा चेहरा उतरला. मग हळू म्हणाली, "सरांना माहीत नाहीत, म्हणून तर छापलेत ना. मी वही दिली असती तर ठिपके काढून टाका असं सांगितलं नसतं का?"

क्षणभर बिनतोड वाटलं. मग वाटलं, तयारी करून आलीय.

नको ते बोलले मी. डॉक्टर व्हायची एवढी घाई असेल तर आईची हाडंही नेऊन दे त्यांना, असं म्हटलं. हे मध्ये पडले, त्यांनाही गप्प केलं. ती रडली नाही. पिशवी उचलली, दारात थांबली. "खात्री नसली की ठिपके देतेस ना तू? मला नाही दिलेस."

शब्द कसे टोचायचे, हेही माझ्याकडूनच शिकलीय.

१२ फेब्रुवारी

हे जेवले नाहीत. मीही नाही.

१५ फेब्रुवारी

ह्यांनी आज पेपरातून डोकं न काढता विचारलं, "खारूला तू विचारलंस, की सांगितलंस?"

तुम्हाला यातलं काय कळतं, म्हटलं. "बरं," म्हणाले. त्यांचं 'बरं' मला लाटण्यासारखं लागतं.

२० फेब्रुवारी

आठव्या वहीतले हात काढून बसले. तळहातात डोळा, दृष्ट लागू नये म्हणून. तेरा ठिकाणचे तेरा हात उतरवलेत मी. परक्यांच्या नजरेला ते म्हणे थोपवतात. घरातल्या माणसाचं काय?

गाठीचंही तसंच. एकीकडे गाठ म्हणजे बांधून टाकणं, शत्रूचं वाटोळं करणं. दुसरीकडे तीच गाठ मनगटात बांधायची, जिवाचं रक्षण व्हावं म्हणून. दोरा तोच, बोटं तशीच. सर नेहमी पहिला अर्थ सुचला की लिहून मोकळे. मी म्हणायचे, सर, त्या लोकांना विचारायला नको का? ते म्हणायचे, "बाई, चिन्ह बोलतं. माणसं खोटं बोलतात."

एवढं एक मात्र खरं म्हणाले.

२४ फेब्रुवारी

खारूने डॉक्टरेट सोडली. चार वर्षांचं काम. सरांना चिठ्ठी लिहून मोकळी झाली — तुमच्याखाली काम करणार नाही. ह्यांना फोन करून सांगितलं, मला नाही.

हे म्हणाले, "बघ."

काय बघ? अपराधी माणूस दुसरं काय करणार? तोंड दाखवायला जागा उरली नाही म्हणून सोडली. मला आनंद व्हायला हवा होता. दुपारभर तिच्या लहानपणीचे स्वेटर उन्हात घातले आणि पुन्हा आत ठेवले.

२७ फेब्रुवारी

प्रकाशकांना लिहायचं ठरवलं. सगळा पुरावा त्या ठिपक्यांत आहे. त्यांच्या ऑफिसातल्या बाई फोनवर चांगलं बोलल्या. म्हणाल्या, "सातव्या वहीतली चित्रं तुम्ही कधी काढलीत, त्याची काही लेखी नोंद आहे का? तारखेसकट?"

नोंद? रोज लिहिते मी. तीस वर्षांच्या रोजनिश्या माळ्यावर आहेत. हे उद्या शिडी आणणार आहेत शेजारच्यांची. लिहून घेतलंय: ठिपक्यांचं दीड पान, माझा नियम, कच्ची वही घराबाहेर जात नाही. शेवटी मुलीचं नाव घालायचं की नाही, ते ठरत नाही. घालावंच लागेल. खरं ते खरं.

१ मार्च

सापडलं. पंधरा वर्षांपूर्वीची रोजनिशी, १९ नोव्हेंबर. जसंच्या तसं उतरवते:

'सर आले होते. व्याख्यानाची घाई. शिडी, गाठ, डोळा यांच्या पक्क्या प्रती झालेल्या नाहीत, म्हणून सातवी कच्ची वहीच दिली. आठ दिवसांनी आणून देतो म्हणाले. खारू शाळेच्या सहलीला गेलीय, घर खायला उठतंय.'

अक्षर माझं. खाली ठिपके नाहीत. खारू तेव्हा अकरा वर्षांची होती.

मागे जाऊन ११ फेब्रुवारीच्या प्रत्येक ओळीखाली तीन ठिपके दिले. फोन ती उचलत नाही. हे चपला घालून दारात उभे आहेत, मलाही घालायच्या आहेत.