तोंड बांधलेली माणसं

नागपूर, ८ जानेवारी २००६

ती. शीलाआत्यास, आभाचा शि. सा. न. वि. वि.

डिसेंबरात मारेगावला आले तेव्हा काढलेला फोटो सोबत पाठवते आहे. कापसाचा भाव पडल्याचा राग गुलाबभाई पिंजाऱ्यावर काढायला निघालेली ती मिरवणूक, 'यांच्याकडे गादी भरू नका' असा फलक घेतलेली. आमच्या कॉलेजच्या फोटो-प्रदर्शनात हा मधोमध लागणार आहे. पुढे हसणारी पोरं, मागे तोंडं बांधून उभी असलेली रांग. खाली मी ओळ लिहिली आहे : 'द्वेषाला चेहरा नसतो.' सरांना फार आवडली. घरात सगळ्यात जास्त वाचणारी तू, तेव्हा तुझं मत कळव. बाबांना नमस्कार.

तुझ्या मायेच्या भरवशावर,
आभा

मारेगाव, १४ जानेवारी २००६

चि. आभास अनेक आशीर्वाद.

आज संक्रांत, गोड बोलायचा दिवस, पण जमणार नाही. तिळगूळ पुडीत आहे, तो आधी खा.

तुझी ओळ वजनदार आहे आणि खोटी आहे. मागची माणसं जिनिंगमधली, कापसातून सरकी काढतात त्या कारखान्यातली. जेवणाच्या सुट्टीत गंमत बघायला बाहेर आलेली. रुई नाकातोंडात जाते म्हणून इथे कामावर सगळे दुपट्ट्यानं तोंड बांधतात. लहानपणापासून मामाकडे नागपुरात शिकलीस, तुला कुठून ठाऊक असणार? आता पुढची पोरं बघ. केस विंचरलेले, शर्टांना इस्त्री, डोळे तुझ्या कॅमेऱ्यात. त्यांनी कुठे तोंड बांधलंय? त्यांना तर दिसायचंच होतं.

रांगेतला उंच माणूस तांड्यावरचा धरमसिंग. त्याच्या बायकोला, बबिताला, मी फोटो दाखवला. ती घाबरली. म्हणाली, असं लिहून लावलं तं पोलीस आमच्याच दारी येतीन, बाई. रांगेतल्या दोघांनी घोषणा दिल्या, हेही तिनंच सांगितलं. तेही कळवते, नाहीतर माझं सांगणं तुझ्या ओळीसारखं व्हायचं.

आणखी एक. उजव्या कडेला एक हात आहे, पाण्याच्या ग्लासांचा ट्रे धरलेला. मनगटावरचं घड्याळ आमच्या ह्यांचं. हे गेल्यावर मीच ते तुझ्या वडिलांना दिलं. नरहर जेवायला बसला की रोज माझं लक्ष तिकडे जातं, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही. हात आहे, मग माणूस कुठे गेला?

उत्तर दे. रागावून दिलंस तरी चालेल.
आत्या

नागपूर, १९ जानेवारी २००६

ती. आत्यास शि. सा. न.

माणूस मी कापला. त्या पोरांना पाणी देताना बाबा हसत होते, आत्या. शेजारच्या लग्नात हसतात तसे.

'द्वेषाला चेहरा नसतो' ही ओळ खोडली. सरांचं तोंड उतरलं, उतरू दे. पण फोटोत बाबांना दाखवायला मन होत नाही. तुलाही त्याच घरात राहायचं आहे. प्रदर्शनातून फोटोच काढून घेऊ का? तू म्हणशील तसं करेन.

तुझीच,
आभा

मारेगाव, २४ जानेवारी २००६

चि. आभास अनेक आशीर्वाद.

काढून घेऊ नकोस. पूर्ण लाव. माझी काळजी नको. घर नरहरचं असलं तरी मी त्याची मोठी बहीण आहे.

पाठीमागे नको म्हणून त्याला आधी सांगितलं. तो म्हणाला, "मी कायले कोणाचा द्वेष करीन? तहानलेल्याले पाणी पाजलं." मी विचारलं, समोर गुलाबभाई अर्धं शटर ओढून बसला होता, त्याला पाजलंस का? त्यानं ताट पुढे ओढलं. जेवला मात्र नेहमीसारखा, भाजी दोनदा घेतली. हात धुताना त्यानं विचारलं, नाव येईल का खाली. मी म्हटलं, तुझी पोर लिहिणार आहे, येईल.

तर द्वेष, चेहरा असलं काही लिहू नकोस. कोण कुठे उभं होतं तेवढं लिही. समोर मिरवणूक काढणाऱ्या संघटनेची पोरं. मागे जेवणाच्या सुट्टीत बाहेर आलेले जिनिंगचे कामगार. उजवीकडे पोरांना पाणी देताना नरहर, माझे वडील.

शेवटचे दोन शब्द लिहिताना हात थांबेल. थांबू दे, पण गाळू नकोस.

माझी माया तुझ्यावर आहे, आणि त्याच्यावरही.
आत्या