माझ्या मार्गदर्शनाखाली लेकीची साखर

२ फेब्रुवारी
लेकीच्या मानेवर काळपट पट्टा. मला वाटलं, मळ. आठवडाभर घासायला लावलं. शेवटी बायको तिला दवाखान्यात घेऊन गेली. मळ नव्हे, डायबेटिसची खूण! वय वर्षं तेरा. मी डॉक्टरीणबाईंना फोन करून समजावलं, हा म्हाताऱ्यांचा आजार, तुमचं मशीन तपासा. त्या म्हणाल्या, पूर्वी वर्षाला एखादं मूल यायचं, गेल्या वर्षभरातलं हे अकरावं. गोळी सुरू. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायचं.

३ फेब्रुवारी, सकाळी ६
मोहीम मी हातात घेतली. वीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवतोय. क्लच कुठला न् ब्रेक कुठला हे न कळणाऱ्यांना लायसन्स मिळवून दिलीत. साखर काय चीज आहे!

संध्याकाळी
लेकीने विचारलं, बाबा, हे मला आयुष्यभर राहणार का?  मग तिला गिअरबॉक्स समजावून सांगितला. पाऊण तास.

९ फेब्रुवारी
उद्यापासून बापलेक रोज पाच किलोमीटर चालणार.

१० फेब्रुवारी
माझ्याकडे बूट नाहीत.

११ फेब्रुवारी
बूट आणले. चावले. लेक फुटपाथवरून, मी गाडीतून, तिच्या बाजूने फर्स्ट गिअरमध्ये. खिडकीतून सूचना चालू: हात हलव, श्वास नाकाने घे. मागे सात गाड्यांचे हॉर्न. एका बाईने लेकीला विचारलं, कोण गं हा माणूस? लेक म्हणाली, ओळखत नाही.

२० फेब्रुवारी
घरातली बिस्किटं, कोल्ड्रिंकं जप्त. विल्हेवाटीची जबाबदारी कुणावर टाकायची? एकट्याने पार पाडली. पोट दुखतंय. पण बाप म्हटल्यावर करावं लागतं.

६ मार्च
रोज साडेसहाला बैठकीत मार्गदर्शन. आजचा विषय: स्वादुपिंड. मी उभा राहतो न राहतो तोच लेक निघाली, मैत्रिणीकडे गणितं सोडवायला. कालही गणित. परवाही. पोरगी माझ्यावर गेली.

२५ मार्च
वेळ बदलून सहा केली. लेक पावणेसहालाच पसार. गणित! बायकोसमोर बोललो. भाजी निवडता निवडता तिला डुलकी लागली.

१८ एप्रिल
लेकीचा युनिफॉर्म सैल झालाय. मार्गदर्शन लागू पडतंय, असं बायकोला दाखवून दिलं. तिला खोकला आला. बराच वेळ थांबेना.

४ मे
रिपोर्ट. साखरेची तीन महिन्यांची सरासरी साडेसातवरून सहा पॉइंट दोन! डॉक्टरीणबाई खूश. मी खुर्ची पुढे ओढून माझी पद्धत सांगायला लागलो. त्या लेकीला म्हणाल्या, तूच सांग, काय केलंस?

लेक म्हणाली, गोळी चुकवली नाही. आईने न् मी ताटात भाज्या वाढवल्या. आणि चालले. गणित वगैरे काही नव्हतं. बाबा बोलायला उभे राहिले की मी बाहेर पडायची, ते दमेपर्यंत चालायची. कधी कधी सहा किलोमीटर व्हायचे.

डॉक्टरीणबाई टेबलाखाली पेन शोधू लागल्या. पेन हातातच होतं. वर आल्या न् कागदावर लिहिलं: गोळी चालू. चालणं चालू. वडिलांचं बोलणं चालू.

घरापर्यंत मी नुसती गाडी चालवली. दोघी मात्र मागच्या सीटवर हसत होत्या. लेकीला इतकं हसताना फेब्रुवारीपासून पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी ६
गप्प बसलोय. लेक बुटाच्या नाड्या बांधून दारात उभी. म्हणतेय, बाबा, सुरू करा ना, मला उशीर होतोय.