पंप धुतला होता

१० नोव्हेंबर, रविवार. सकाळी
बायको, आनंदा, नागपूरला गेली, लेकीच्या, आकांक्षाच्या बाळंतपणाला. मागच्या अंगणातले टमाटे माझ्या स्वाधीन. ती त्यांना भेदरं म्हणते. बी सासूबाईंचं, गावरानी. सासूबाई उन्हाळ्यात वारल्या. राखेत ठेवलेलं बी सगळं पेरून झालं, डबी रिकामी. जाताना बजावलं की नुसतं पाणी घाला, दुसरं काही करू नका.
नुसतं पाणी कोणीही घालतो. मी शेतकऱ्याचा मुलगा आहे. शाळेत क्लार्क झालो म्हणून काय झालं?

त्याच दिवशी, संध्याकाळी
अंगणातल्या गाजरगवतावर तणनाशक मारलं. उत्साह शिल्लक होता, म्हणून त्याच पंपात निंबोळी अर्क भरून टमाट्यांवरही फवारला. मध्ये पंप धुतला. एका पाण्यानं. पंप म्हणजे काही दुधाचं पातेलं नव्हे.

१४ नोव्हेंबर, गुरुवार
पानं आखडली आहेत. शेंडे पिळवटलेत. मोबाईलच्या अ‍ॅपमध्ये फोटो टाकला. उत्तर आलं, व्हायरस. जिवात जीव आला. व्हायरसला कोणी काय करणार? तो पांढऱ्या माशीमुळे पसरतो. आणि भिंतीपलीकडे हिरालालची वांगी आहेत. म्हणजे माशी कुठून आली ते उघड आहे.
पंपाचा विचार मनात येऊन गेला. पण पंप धुतला होता. विषय संपला.

१६ नोव्हेंबर, शनिवार
हिरालालकडे गेलो. कापडाचा दुकानदार, त्याला शेतीतलं काय कळतं? तरी शांतपणे समजावलं. तो एवढंच म्हणाला, "भाऊ, माह्या वांग्याले त काई झालं नाई." मी म्हटलं, दिसत नाही तेच जास्त धोकादायक. त्यानं बिचाऱ्यानं सगळी झाडं उपटली. वर शेवटच्या वांग्यांचं भरीत करून माझ्याकडे पाठवलं, वहिनी घरी नाहीत म्हणून.
भरीत चवदार होतं. दोन घासांपुढे गेलं नाही. तिखट असावं.

१९ नोव्हेंबर, मंगळवार
नात झाली! आनंदाचा फोन आला. बाळाचं सांगून झाल्यावर भेदऱ्यांचं विचारलं. मजेत आहेत म्हणालो. तिनं फोटो मागितला. मागच्या महिन्यातला पाठवला. झाडं तीच आहेत, म्हणजे खोटं काही नाही. शुभ दिवशी बाईमाणसाला कशाला घोर लावायचा?

२० नोव्हेंबर, बुधवार
आज मतदानाची सुट्टी. दुपारी एक फांदी घेऊन कृषी केंद्रात गेलो. दुकानदारानं पान हातात घेण्याआधीच विचारलं, तणनाशक मारलं काय? मी नाही म्हणालो. जरा मोठ्यानं बोललं गेलं असावं, कारण गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. मुलगा नवीन आहे, अनुभव कमी. त्यानं दिलेलं टॉनिक घेतलं. उद्यापासून रोज पहाटे उठून झाडांची पाहणी.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार
पाहणी सुरू करता आली नाही. पहाटे थंडी फार. खोडं तडकली आहेत. अंगणात जाणं टाळतो. गाजरगवत मात्र ताठ उभं आहे.

८ डिसेंबर, रविवार
आनंदा आली. पिशवी हातात तशीच ठेवून मागे गेली. बराच वेळ वाळलेल्या झाडांपाशी बसली. मी व्हायरस, पांढरी माशी, हिरालालची वांगी, सगळं व्यवस्थित समजावलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आईचं बी गेलं. मीच थोडं डबीत ठेवाले पायजे होतं."
तेव्हा बोलायला हवं होतं. मी चहा ठेवला. चहात साखर टाकायची राहिली, तिनं तो तसाच पिऊन टाकला.

९ डिसेंबर, सोमवार
सकाळी हिरालाल आला. आनंदानं दिवाळीआधी त्याला चार रोपं दिली होती म्हणे. त्यानं ती दुकानाच्या मागे लावली, आता टमाटे लागलेत. म्हणाला, पिकले की बी तुमचंच. आनंदा पदर डोळ्यांना लावून रडली. मलाही भरून आलं. ज्याची वांगी मी उपटायला लावली त्यानंच बी राखलं. माझी मान काही वर होईना.
मग तो म्हणाला, झाडांवर थोडी माव्याची कीड पडली आहे, फवारायला तुमचा पंप द्या.
आनंदा उठलीसुद्धा. मी आडवा आलो आणि पंप फुटलाय म्हणालो. तो गेला. शब्द खोटा पडू नये म्हणून मी वरवंटा घेऊन मागे गेलो आणि पंपावर घातला. दुसरा घाव घालताना मागे आनंदा उभी दिसली.
"भेदऱ्यायवर फवाराच्या आदीच फोडाचा होता हा," ती म्हणाली.
कालच तिनं पंपाचं झाकण उघडून तणनाशकाचा वास घेतला होता म्हणे. मी कधी सांगतो याची रात्रभर वाट पाहिली; आज पंप द्यायला उठली तीही मी अडवतो का ते बघायला.
उद्या हिरालालकडे वांग्याची रोपं घेऊन जायचं आहे. ती सोबत येणार नाही. काय सांगायचं ते माझं मलाच सांगायचं आहे.