निळा हूड

१४ मार्च
मंगळवार, दुपार

प्रिय टिटवी,

तुझा गुडघा काय म्हणतो? जिने चढू नकोस असं सांगून उपयोग नाही, माहीत आहे. इकडे मी बरी आहे. थंडी सरत आलीय, मागच्या दारी ऊन येतं, आणि दुपारी तिथेच खुर्ची टाकून बसते. आत्ताही तिथूनच लिहितेय.

सकाळी कपडे वाळत घालताना एकदम आठवलं. आपण नववीत असू. शाळा सुटली आणि फाटकाशी तुझा दादा नवी गाडी घेऊन उभा. नवी म्हणजे त्याच्या हाती नवी, एरवी कुणीतरी वापरून कंटाळलेली. दोनच सीटं आणि बसणार तिघं. तू पुढे ऐसपैस, आणि मी मागच्या कट्ट्यावर, कापडी हूड मिटून ठेवतात तिथे, दप्तर पोटाशी धरून. वळणावर माझी रिबन उडाली आणि तू अशी किंचाळलीस की दारातल्या सिस्टर दचकून मागे सरल्या. टिटवी हे नाव तुला त्याच दिवशी पडलं. रिबन सापडली नाही. त्या दिवशी एवढंच झालं, आणखी काही नाही.

आता तू म्हणशील, ही गोड बोलतेय म्हणजे हिला काहीतरी हवंय. हवंय. तू गेल्या महिन्यात फोन आपटलास तेव्हापासून आपलं बोलणं नाही, आणि मला ते सोसत नाही. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. कागदावर तुला मध्ये बोलता येणार नाही, म्हणून पत्र.

"दादाने गाडीच्या हूडासाठी निवडलेलं कापड फाडून तू परक्याकडून दुसरं शिवून घेतलंस?" असं तू म्हणालीस. अगं, फाडलं नाही. ते आपोआप गेलं होतं. कसं ते ऐक.

तुला ठाऊकच आहे, थंडी लागली की दादा त्याच गाडीवर पत्र्याचा कडक टप चढवायचा आणि थंडी सरली की उतरवायचा. एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला मी. खटके सोडायचे, "एक, दोन, तीन" म्हणायचं, आणि टप आधी सरळ वर उचलायचा, मग मागे न्यायचा. घाई केली की मागच्या रंगावर ओरखडा. दादा गेला तेव्हा टप चढवलेला होता, आणि तो तसाच राहिला. उन्हाळे आले नि गेले, मी आपली डब्यात बसल्यासारखी बाजारात जाऊन यायची. जावई म्हणाला, "आई, मी काढून देतो की." मी म्हटलं, राहू दे. का म्हटलं, मलाही नीट सांगता येणार नाही.

मग गाडीत वास यायला लागला. सीटांच्या मागे वाकून पाहिलं, तर टपाखाली इतकी वर्षं मिटून पडलेला कापडी हूड घड्यांवर कुजलेला, आणि त्याची पारदर्शक खिडकी पिवळी पडून तडकलेली. हातात धरलं तर तुकडाच आला. 

गावातल्या एका हूडवाल्यांचं नाव कुणीतरी सांगितलं. गाड्यांची सीटं, हूड, होड्यांवरची आच्छादनं शिवतात. दुकानभर खडूची पूड. माप घ्यायला टप काढावा लागणार होता आणि त्यांचा मदतनीस रजेवर. ते म्हणाले, "बाई, दुसरी बाजू धरा. हा टप म्हणजे रुसलेला सासरा आहे, एकट्याने उठवायला गेलं तर जागचा हलत नाही." मी धरलं, आणि 'एक, दोन, तीन'ची वाट पाहत उभी राहिले. ते मोजतच नाहीत, टिटवी. नुसते समोर बघून "हं" म्हणतात. मी एवढी दचकले की टप माझ्या बाजूने तिरका झाला आणि रंगावर लांब ओरखडा आला. चूक माझी, पण सॉरी ते म्हणाले.

आधीचं कापड मोतिया होतं. मी निळं निवडलं, गडद. मोतिया मिळत नव्हतं असं मी तुला फोनवर सांगितलं, ते खोटं होतं. मिळत होतं.

ह्या गृहस्थांबद्दल फार चांगलं मत करून घेऊ नकोस. दिलेल्या दिवशी काम कधीच देत नाहीत. बेसूर गुणगुणतात. पहिली खिडकी त्यांनी वाकडी बसवली आणि वर मलाच म्हणाले, "तुमचा चष्मा बदला." मी म्हटलं, "मागून येणाऱ्यांचेही चष्मे बदलायचे का?" तेव्हा हसले आणि सगळी शिवण उसवली.

हूड तयार झाला त्या दिवशी पाऊस होता. ते म्हणाले, गळतो की नाही बघायला याहून चांगला दिवस नाही. हूड लावून आम्ही निघालो, नदीपर्यंत जाऊन आलो. थेंबसुद्धा आत आला नाही. नुसता आवाज होता कापडावर. पत्र्याच्या टपावर पाऊस ताशा वाजवतो, कापडावर कुणीतरी शेजारी बसून हळू बोलावं तसा पडतो. आम्हीही बोलत होतो. त्यांची बायको बरीच वर्षं आजारी होती, मग गेली, तिला शिवण येत नव्हती आणि त्यावरून ते तिला चिडवायचे, वगैरे. परत आल्यावर, थंडी अजून बाकी होती म्हणून, हूड मिटला, वर टप चढवला आणि मी घरी आले.

कळलं का काय केलं ते? ओला हूड मिटला! दादाने मला आयुष्यात दुसरं काही बजावलं नसेल एवढं हे बजावलं होतं. आणि हूडवाले तर येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्यासाठी ओरडतात. पंधरवड्याने टप काढून पाहतो तो आतून सगळी बुरशी. नव्या कोऱ्या कापडाला. आम्ही दोघं दोन बाजूंना उभे. ते म्हणाले, "लक्ष कुठे होतं आपलं?"

 तूही विचारू नकोस. तुला कळलंय.

आठवडाभर मी तिकडे फिरकले नाही. मग गेले तर ते अस्तर नव्याने लावत होते. मान वर न करता म्हणाले, "ह्या वयात लोक हसतील." मी म्हटलं, "आधी मी हसून घेते." आणि खरंच हसू आलं, टिटवी, इतकं की त्यांनी पाणी आणून दिलं.

लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटलंच. गाडीचा हूड एक आणि तुझे हेलपाटे किती." मग थोडी रडली, मग विचारलं, "आत्याला सांगितलंस?" नाही सांगितलं. तुझ्यासमोर माझी जीभ उचलत नाही. तुझी मैत्रीण होते मी आधी, पण तुझ्या दादामुळे तुझ्या घरची झाले. त्याचं घर सोडलं तर तुझी कोण राहीन, ही एकच भीती आहे. बाकी कशाची नाही. दादावरची माया कमी झालेली नाही; ती मोजायला लागले तर मला दुसरं काही करताच येणार नाही.

पुढच्या महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी आम्ही नोंदणी कचेरीत सह्या करणार आहोत. साक्षीदार लागतात. त्यांच्याकडून त्यांचा भाऊ. माझ्याकडून तू करशील का? चिडून ये, रडत ये, पण ये. नाही आलीस तर लेक करेल, सही अडणार नाही. मी मात्र दाराकडे बघत राहीन.

आता आवराआवरीचं. त्यांचं घर दुकानाच्या वर आहे, मी तिथे जाणार. हे घर लेकीला. दादाचा लोकरी कोट तिनेच मागितलाय, बाह्या आखूड करून घालणार म्हणते. त्याचे गाडी चालवायचे हातमोजे तुझ्या ह्यांना, त्यांची बोटं तशीच लांब आहेत. तुझ्या आईचं शिलाई मशीन तुला. हूडवाल्यांचा त्यावर डोळा आहे, पण मी बजावलंय, ते परत तुमच्या घरी जाईल. गाडी माझ्याकडे, निळ्या हूडासकट.

आणि टप तुला. तुझ्या गॅरेजमध्ये भिंतीला टेकवून ठेव, खाली जुनी गादी घाल. थंडी लागली की मी गाडी घेऊन तुझ्याकडे येईन, तो चढवायला. थंडी सरली की परत येईन, उतरवायला. जावयाला हाक मारायची नाही. एक बाजू तू धरायची.

तुझीच,
वहिनी