राखून ठेवलेल्या गोळ्या

मु. होळी, वसई
१२ जानेवारी १९९८

चि. वसूस दादाचे अनेक आशीर्वाद.

आपल्या वाडीतला रहाट आठवतो का गं? पाणी वर येण्याआधीची त्याची ती लांबलचक कुरकुर? हल्ली तुझी प्रेमलावहिनी कुशीवर वळते तेव्हा तिच्या घशातून तसाच आवाज येतो. कॅन्सर हाडांत उतरलाय.

मॉर्फिनच्या गोळ्या वसईत एकाही औषधवाल्याकडे नाहीत. मुंबईच्या इस्पितळात पेशंटला समोर उभं केलं, तेव्हा पंधरा दिवसांच्या मिळाल्या. रांगेत आमच्यामागे अर्नाळ्याची अँजेलिना होती. तिचा जॉन खाटेवरून उठत नाही. तिला रिकाम्या हातानं परत पाठवलं.

दर चार तासांनी द्या, असं डॉक्टर म्हणाले. पण हा प्रवास प्रेमलाला पुन्हा झेपायचा नाही. म्हणून मी गोळ्या बियाण्यासारख्या राखून वापरतो. कळ आली की आधी शाळेतली एखादी कविता म्हणतो. दुसऱ्या कडव्याला ती शांत होते. हसू नकोस.

माया आहे तशीच राहू दे.

तुझा दादा, दिनानाथ


दादर
२० जानेवारी

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

हसले नाही. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींना हाच आजार. डॉक्टर घरी येतात, गोळ्या संपायच्या आत नव्या येतात. परवा त्या पत्ते खेळत होत्या. त्याच डॉक्टरांना विचारलं. वसईपर्यंत येत नाही म्हणाले.

रविवारी मी आले होते ना, तू पानवेलींना पाणी द्यायला गेलास, तेव्हा वहिनी बोलली. हे कविता म्हणतात तेव्हा मी दातावर दात दाबून पडते, कण्हले तर यांची ओळ चुकते, म्हणाली. तुला सांगू नको म्हणाली होती. सांगतेय. गोळ्या वेळेवर दे. कविता नंतर म्हण.

रागावलास तरी लोभ कमी करू नको.

वसू


होळी
५ फेब्रुवारी

चि. वसूस आशीर्वाद.

तुझं पत्र पोस्टमननं दिलं तेव्हा अंगणात माणसं जमली होती. काल तेराव्याला तुझ्याशी हे बोलता आलं नाही. डबीत अठ्ठेचाळीस गोळ्या आहेत. तितक्या वेळा तिनं माझी ओळ सांभाळली. आता एकही कविता शेवटपर्यंत आठवत नाही. गोळ्या इस्पितळात परत

दारात कुणीतरी आलं, म्हणून थांबलो होतो. अँजेलिना आहे. जॉनला खाटेसकट टेम्पोत घालून इस्पितळात निघालीय. प्रेमलाबायच्या गोळ्या संपल्या असतील, म्हणून वाट वाकडी करून आली. बाजूला गादी घातलीय, बायला उठवा, असं म्हणतेय.