भरल्या जाळ्याचा झेंडा

मितोजिमा, ५ नोव्हेंबर १९७४

चि. सौ. चिझुरूस, किनुएचे अनेक आशीर्वाद.

माझ्या भावाला लिहून उपयोग नाही, शुन्साकु पत्र खिशात घालून विसरतो. म्हणून तुला लिहिते. बाबा होडी विकतायत. पलीकडच्या बेटावरचे कुरोसे येत्या शुक्रवारनंतरच्या शुक्रवारी फेरीबोटीने तिला न्यायला येणार. बाबांचे गुडघे आता साथ देत नाहीत. मुलाला बोलवा म्हटलं, तर म्हणाले, ओसाकात त्याचं बरं चाललंय, उगाच त्याच्या पोटावर पाय कशाला. आणि रोज होडीला रंग देत बसतात. विकायच्या होडीला कोणी तीनदा रंगवतं का? मला बघवत नाही गं.

तुझ्या कानावर घातलं. लोभ आहेच, तो नवऱ्यालाही थोडा शिकव.
किनुए

ओसाका, ९ नोव्हेंबर

ती. वन्संना, चिझुरूचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचलं आणि हे दुसऱ्याच दिवशी कारखान्यात राजीनामा देऊन आले. निदान मला विचारायचंत, म्हटलं. तर म्हणे, तू नको म्हणशील अशी भीती वाटली. मी बरी नको म्हणेन! लग्न झाल्यापासून हे झोपेत माझं पांघरूण जाळ्यासारखं ओढतायत. त्याच शुक्रवारी पोचतील. मी घर आवरून महिनाअखेरीस येते. मला मासा साफ करता येत नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. बाबांना मात्र कळू देऊ नका, 'येऊ नकोस' म्हणून तार करतील.

चुकलंमाकलं पोटात घाला, लोभ असू द्या.
चिझुरू

मितोजिमा, १६ नोव्हेंबर

चि. सौ. चिझुरूस आशीर्वाद.

माझ्या पोटात काही राहिलं नाही बाई, गुरुवारी जेवताना बाबांना सांगून बसले. त्यांनी भात संपवला. काल फेरीबोट बाहेर खोल पाण्यात उभी राहिली तशी उतारू आणायला नेहमीसारखे होडी घेऊन गेले. परतताना बघते तर डोलकाठीवर भरल्या जाळ्याचा झेंडा! मासळी भरभरून मिळाली की लावायचा तो; दिसला की आम्ही बायका हातातलं टाकून धावतो. टोपल्या, बर्फ घेऊन सगळा धक्का गोळा झाला. होडीत मासा एक नाही; नुसते कुरोसे आणि आपला शुन्साकु. बर्फवाल्या तोमेबाईंनी चिडून विचारलं, मासे कुठायत? बाबा म्हणाले, हा काय उभा आहे. कुरोसे इतके हसले, की होडीचा विषयच काढला नाही, जेवून परतले.

पण झेंडा लावला की घरोघरी वाटा द्यावा लागतो. मग बाबांनी शुन्साकुला हाताला धरून दारोदार फिरवला, प्रत्येक घरी घटकाभर बसवला. आमच्या घरी तो सगळ्यात शेवटी आला.

तुझा वाटा राखून ठेवलाय. लवकर ये.
किनुए